गाडी उभी, पण बॅटरी चालूच!

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर हळदीकुंकू वाहतो, चाकांखाली लिंबं ठेवतो. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, ते बॉनेट उघडून आत काय आहे हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलंय? मी तर लग्नाला बारा वर्षं होईपर्यंत एकदाही पाहिलं नव्हतं. गाडी म्हणजे ‘ह्यांचं’ खातं! लायसन्स माझ्याकडेही आहे, पण ते पर्समध्ये, सासूबाईंच्या जुन्या फोटोशेजारी.

२०२३ च्या भाऊबीजेनंतर ह्यांना कामासाठी आठ महिने गुजरातेत जावं लागलं. गाडी इथेच, नाशिकला, अंगणात उभी. जाताना मला बजावून गेले, “दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवत जा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही.” मी काय, सांगितलेलं काम चोख करणारी! रविवारी सकाळी दूध तापवून झालं की गाडीत बसायचं, किल्ली फिरवायची, रेडिओवर एखाददुसरं गाणं ऐकायचं आणि बंद करून पोळ्यांना यायचं. एकही रविवार चुकवला नाही. डिसेंबरात गाडी चालू होताना जरा कुरकुर करायला लागली होती. म्हटलं, थंडी आहे, माणसंसुद्धा कुरकुरतात.

जानेवारी २०२४ चा पहिला आठवडा. रात्रीचे अडीच. सासूबाईंना दम्याचा त्रास आहेच, पण त्या रात्री त्यांना वाक्यसुद्धा पुरं बोलता येईना. १०८ ला फोन केला, त्यांनी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. पण दारात स्वतःची गाडी असताना वाट कशाला बघायची? शालीत गुंडाळून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. टक्‌, टक्‌, टक्‌. बस्स! समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. पुन्हा फिरवली, तर ते टक्‌ टक्‌ही नाही. शेजारचे रिक्षावाले भाऊ आवाजानं उठून आले म्हणून निभावलं. दवाखान्यात पोचल्याबरोबर ऑक्सिजन लावला, चार दिवसांनी सासूबाई घरी आल्या. पण ती दहा मिनिटं आठवली की अजून माझे हात गार पडतात. चुकलं कुठे? मी तर सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं!

हेच मी बॅटरीवाल्या काकांना विचारलं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. शाळेत दुपारचे तीन तास व्याकरण शिकवते. काकांनी मला चौथीच्या मुलीसारखं समजावून दिलं, ते तुम्हालाही सांगते.

गाडी बंद केली म्हणजे सगळंच बंद झालं असं नसतं. घड्याळ, चोरघंटा, रिमोटनं उघडणारं कुलूप, आतला तो छोटा संगणक, हे सगळे रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत असतात. गळक्या माठासारखं! काकांनी मीटर लावून दाखवलं, आमची गाडी उभ्या उभ्या पंचवीस मिलिअँपिअर घेत होती. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांचा हिशेब केला तर दिवसाला ०.६ अँपिअर-तास आणि आठवड्याला चारच्या वर. आमची बॅटरी एकूण पस्तीसची. आणि माझ्या त्या पाच मिनिटांत गाडी जागच्या जागी फुरफुरत असताना परत किती भरत होतं? जेमतेम अर्धा-पाऊण! म्हणजे खर्च चारचा आणि जमा पाऊण. वाणसामानाच्या वहीत असा हिशेब निघाला असता तर मी दुसऱ्याच आठवड्यात जागी झाले असते. सात आठवड्यांत बॅटरीतलं दोनतृतीयांश पाणी (म्हणजे वीज हो!) निघून गेलं होतं.

त्यात थंडीची भर. थंडीत विरजण लवकर लागत नाही, तशीच बॅटरीच्या आतली आम्लाची आणि शिशाची क्रियाही मंदावते. शिवाय इंजिनातलं तेल घट्ट होतं, त्याला फिरवायला जोर जास्त लागतो. देणाऱ्याचा हात आखडता आणि मागणाऱ्याची मागणी मोठी, मग टक्‌ टक्‌ नाही तर काय होणार!

पण गंमत अशी की नुसती उभी ठेवायला थंडी चांगली. उन्हाळ्यात बॅटरी आपोआपही भराभर उतरते. तेव्हा अकोला-नागपूरकडच्या मैत्रिणींनो, मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी जाताना गाडी उन्हात सोडून जात असाल, तर हे तुम्हाला माझ्याहून जास्त लागू आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर खडे धरतात. पाक जुना झाला की तळाशी साखर बसते ना, तसे. ते एकदा घट्ट झाले की कितीही चार्ज करा, बॅटरी पूर्वीसारखी होत नाही. आमची त्यातच गेली, नवी घ्यावी लागली.

माझ्या नणंदबाई कॅनडात विनिपेगला असतात. तिकडे थंडी उणे तीसच्याही खाली जाते. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, “अगं वहिनी, आमच्या शेजारी दुसरी गाडी हिवाळाभर झाकूनच ठेवतात. पण बॅटरी भरल्याशिवाय कुणी ठेवत नाही.” कारण रिकामी बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते आणि तिचं खोकं तडकतं, भरलेली मात्र उणे पन्नासलाही गोठत नाही. तिथले लोक बॅटरीला एक छोटा चार्जर कायमचा लावून ठेवतात. तो बॅटरी भरली की आपोआप हात आखडतो, उतरू लागली की थोडं पाजतो. आपल्याकडेही असे चार्जर मिळतात. मात्र घेताना ‘भरल्यावर आपोआप कमी होणारा’ असाच मागा. साधा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवला तर आतलं पाणी आटतं आणि बॅटरी खराब होते. आणखी एक, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. तेव्हा हे काम हवेशीर जागी. स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरात निरांजनाशेजारी मुळीच नको!

आमच्या अंगणात विजेचं बटण नाही. म्हणून मी दोनच गोष्टी करते. एक, घरी असले की आठवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर अर्धा तास तरी चालवते, दिवसाउजेडी, एसी न लावता. दुसरी, पंधरा दिवसांहून जास्त बाहेर जायचं असलं तर बॅटरीची एक तार काढून ठेवते.

ही तार काढणं म्हणजे कुकरची शिट्टी काढण्याइतकं सोपं आहे, पण एक पथ्य कडक पाळायचं. आधी हातातल्या बांगड्या काढा, अंगठी काढा, मंगळसूत्र पदराआड खोचा, नाहीतर काढूनच ठेवा. वाकल्यावर ते लोंबून बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकलं तर क्षणात लालबुंद होतं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मी आधी हसले, मग त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा घड्याळाच्या पट्ट्याचा जुना डाग दाखवला. साडीही जुनी नेसा, आम्लाचा शिंतोडा पडला की दुसऱ्या धुण्याला भोक पडलेलं दिसतं.

बहुतेक लहान गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. जिथे वजाची खूण आहे ती तार, बहुधा काळी, तीच सैल करून काढायची आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. अधिकची तार आधी काढू नका, पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. परत लावताना वजाची सगळ्यात शेवटी. तार काढली की रिमोटचं कुलूप चालत नाही, दार किल्लीनं लावावं लागतं, आणि घड्याळ पुन्हा लावावं लागतं. अगदी नव्या तऱ्हेच्या गाड्या असतील तर आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचा, काहींत बॅटरीला वेगळी यंत्रं जोडलेली असतात.

टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशनं घासायची. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं केलं की वरून व्हॅसलीनचं बोट. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी खुणेपर्यंत आहे ना ते पाहा. कमी असेल तर दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं नको आणि फिल्टरचंही नको.

मी एक छोटा मीटरही घेतला आहे. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी टोकांना लावला की आकडा दिसतो. १२.६ च्या पुढे असला तर बॅटरी भरलेली. १२.४ दिसला की मी चक्कर मारून आणते. १२ पर्यंत उतरला तर ती जवळजवळ रिकामी समजायची आणि सरळ चार्जिंगला द्यायची. आकड्यांचं मला वावडं, पण ताप मोजतो तसंच की हे!

आता पाना आणि मीटर दोन्ही स्वयंपाकघरातल्या खणात, सांडशीशेजारी आहेत. रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन येतो. सासूबाई स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून, इनहेलर पिशवीत टाकून नऊ वाजताच ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात, “चल गं, बॅटरी भरून आणू.” परवा परत येताना रस्त्यात पेरू घेतले, तर म्हणाल्या, “अर्धा तास झाला का पण? नाहीतर आणखी एक वळसा घाल.”