जॉर्जियाचे अबोल लघुपट

कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, काळ्या समुद्राच्या कांठीं, जॉर्जिया हा लहानसा देश आहे. १९९१ सालीं तो सोव्हिएट संघराज्यांतून स्वतंत्र झाला. परंतु त्याच्या चित्रकलेची नव्हे, तर चित्रपटकलेची कीर्ति त्यापूर्वींच दूरवर पसरली होती, आणि तींत अर्ध्यापाऊण तासाच्या लघुपटांचा वाटा मोठा आहे. यांपैकीं कांहीं उत्तम लघुपटांत पात्रें जवळजवळ बोलतच नाहींत. बोलपटाचें युग सुरू होऊन तीस वर्षें लोटल्यावर दिग्दर्शकानें पात्रांच्या तोंडचे शब्द काढून घ्यावे, हें श्रोत्यांना प्रथम विचित्रच वाटेल.

मिखेल कोबाखिद्झे याचा १९६४ सालचा ‘लग्न’ हा लघुपट घ्यावा. कथा दोन ओळींची. एका तरुणाला बसमध्यें एक मुलगी दिसते. तो तिच्या प्रेमांत पडतो, मनांतल्या मनांत तिच्याशीं लग्नहि लावून मोकळा होतो, आणि फुलें घेऊन मागणी घालण्यास तिच्या दारीं जातो. तों तेथें तिचें दुसऱ्याशींच लग्न चाललेलें! एखाद्या बोलपटांतील नायकानें अशा वेळीं निदान एक विरहगीत तरी आळविलें असतें. हा बिचारा कांहींच बोलत नाहीं. प्रेक्षक हंसतां हंसतां एकाएकीं थबकतो. दुःख कोणी सांगितलेलें नसल्यामुळें तें त्याला स्वतःलाच ओळखावें लागतें, आणि म्हणूनच तें अधिक झोंबतें. १९६७ च्या ‘छत्री’मध्यें तर एक उडती छत्रीच दोन प्रेमिकांच्या मध्यें येते.

ओतार योसेलियानी याचा ‘एप्रिल’ थोडा मोठा, पाऊण तासाचा. तो १९६१-६२ मधला. एक तरुण जोडपें नव्या इमारतींत बिऱ्हाड करतें. खोली रिकामी; पण दोघें जवळ आलीं कीं दिवा आपोआप लागतो, नळाला पाणी येतें, चूल पेटते. पुढें शेजाऱ्यांचें पाहून घरांत सामान येऊं लागतें. सामानाबरोबर भांडणें येतात, आणि दिवा विझतो. भांडणांतील शब्दहि धड कळत नाहींत. ते कळण्याची जरूर कोणत्याहि संसारी माणसाला भासूं नये! उत्तरार्धांत एकच गोष्ट जरा अधिक वेळां ठसविली आहे, हें खरें. तथापि सारें फर्निचर खिडकीबाहेर फेकलें जातें तेव्हां प्रेक्षकालाहि हलकें वाटतें.

या निरुपद्रवी चित्रपटाला अधिकाऱ्यांनीं सुमारें दहा वर्षें पडद्यावर येऊं दिलें नाहीं. त्यांत सरकाराविरुद्ध एक अक्षर नव्हतें. किंबहुना अक्षरेंच नव्हतीं. शब्द असते तर ते कापतां आले असते. नवीं घरें हें त्या काळीं राज्यकर्त्यांचें भूषण होतें, आणि त्याच घरांत सुख विझतांना दाखविणें रुचण्यासारखें नव्हतें. योसेलियानी रुस्तावी येथील पोलादाच्या कारखान्यांत कामाला गेला. तेथील कामगारांवर त्यानें १९६४ सालीं एक लघुपट केला. कोबाखिद्झेचें नशीब अधिक कठोर. १९६९ च्या ‘वादक’मध्यें पांढऱ्या शुभ्र पोकळींत दोन माणसें प्रथम गुण्यागोविंदानें वागतात व मग एकमेकांवर उठतात. त्यानंतर सुमारें तीस वर्षें त्याला चित्रपट करतां आला नाहीं. पुढचा झाला तो फ्रान्समध्यें.

त्याच १९६९ सालीं योसेलियानीनें जुन्या जॉर्जियन गाण्यांवर वीसेक मिनिटांचा लघुपट केला. स्वानेती, गुरिया यांसारख्या प्रांतांतील गांवकरी त्यांत गातात. हें गाणें आपल्या भजनासारखें एका सुरांत चालत नाहीं. प्रत्येकाचा स्वर वेगळ्या वाटेनें जातो आणि तरी साऱ्यांचें मिळून एकच गाणें होतें. आपलेपणा म्हणजे काय, हें या गाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहावें. १९८० नंतर योसेलियानीहि फ्रान्समध्यें राहूं लागला व तेथें त्यानें अनेक मोठे चित्रपट केले. २०२३ च्या डिसेंबरांत तो वारला, तो मात्र जॉर्जियाच्या राजधानींत, आपल्या जन्मगांवीं तिबिलिसी येथें.