सोळाशे मीटरच्या आधी एक ईसीजी

कारंजा (घाडगे) परिसरात पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं आपण बघतोच. छाती-उंची मोजतात, सोळाशे मीटरची वेळ सेकंदात लिहून ठेवतात. हृदय मात्र कोणी तपासत नाही. माझं म्हणणं असं, की मैदानी सराव सुरू करण्याआधी प्रत्येकाचा एक ईसीजी निघावा. हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड होऊन अचानक मृत्यू ओढवू शकणारा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, पळताना दम न लागताही असू शकतो, आणि कित्येकदा ईसीजीत दिसतो. इटलीने 1982 पासून खेळाडूंना ही तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू लाखामागे वर्षाला 3.6 वरून 0.4 वर आले.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. इस्रायलमध्ये सक्ती करूनही असा फरक दिसला नाही. सरावाने कमावलेल्या हृदयाचा ईसीजी वेगळा दिसतो, त्यामुळे धडधाकट पोरगाही उगाच धास्तावतो. उलट, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला जन्मदोष ईसीजीतून निसटू शकतो. पण म्हणून ईसीजी काढूच नये? शंका आली तर पुढची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) सेवाग्राम-सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत होते. शिवाय बिनखर्चाचे दोन प्रश्न आहेतच: पळताना कधी भोवळ येऊन पडलास का? घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत सराव थांबवा.