निम्म्या खुर्च्या, बंद सभागृह

हिंगोली जिल्ह्याला 1 मे 2024 रोजी 25 वर्षं झाली. त्याच वर्षी जुलैपासून 'लाडकी बहीण' योजनेचा 1500 रुपयांचा हप्ता सुरू झाला. विधानसभेच्या प्रचारात औंढ्यापासून सेनगावापर्यंत बहिणीशिवाय विषय नव्हता, आणि नोव्हेंबरात हिंगोली, कळमनुरी, वसमत, तिन्हीकडे निवडून आले ते भाऊच. जिल्हा झाल्यापासून या तीन जागांवरून एकही बाई विधानसभेत गेलेली नाही. रजनीताई सातव कळमनुरीच्या आमदार झाल्या, राज्यात मंत्रीही झाल्या, पण तेव्हा आम्ही परभणीत होतो.

1994 चं महिला धोरण, पंचायतीतलं तेहतीस टक्के आरक्षण, यावर परिसंवाद पुष्कळ झालेत. ते सोडून देते. मी जवळून पाहिलं ते 1999 ते 2009 हे दशक.

केंद्राची स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना एप्रिल 1999 ची, म्हणजे आमच्या जिल्ह्याहून महिन्याने थोरली. तिच्या मागोमाग गावोगाव बचत गट निघाले. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) सहयोगिनी एसटीने, एसटी चुकली तर पायी, वाड्या-तांड्यांवर जायच्या. दवाखाना, बी-बियाणं, पोरीची फी, यासाठी गटातूनच कर्ज मिळू लागलं. बायका पैसे बुडवतील असं पारावर छातीठोकपणे सांगणारे महाभाग मला नावानिशी आठवतात. दोन बायांच्या सहीशिवाय खात्यातून पैसा निघत नाही हे कळल्यावर त्यांचाच सूर मऊ झाला. 2004 मध्ये आमच्या खासदार सूर्यकांता पाटील केंद्रात ग्रामविकास राज्यमंत्री झाल्या. ज्या खात्याची योजना, त्या खात्यात हिंगोलीची बाई, याचं आम्हाला कोण अप्रूप!

सरपंचपतींवरचे विनोद तेव्हा फार चालायचे. विनोद खोटे नव्हते, पण हसणाऱ्यांतले निम्मे स्वतःच सरपंचपती होते. ग्रामपंचायत कायद्याने मात्र चोख काम केलं होतं. महिला सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागायचे, आणि ग्रामसभेआधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागायची. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच उरकायचे. जिथे खरोखर भरली तिथे पाणी, रेशन आणि दारू या तीन विषयांवर ग्रामसेवकाला घाम फुटलेला मी पाहिलाय.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या हाताने काय केलं, तेही सांगायला हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की सदस्यत्व रद्द. मुलगा होईस्तोवर थांबायचं नाही हे ठरवणार घरातली मोठी माणसं, आणि पद जाणार बाईचं. पोरं दोनच हवीत, त्यात मुलगा हवाच, हे गणित कसं सुटत होतं ते 2011 च्या जनगणनेत दिसलं: सहा वर्षांपर्यंतच्या मुली हजार मुलग्यांमागे 900 देखील नाहीत. मग 'बेटी बचाओ'च्या यादीत आमचंही नाव आलं, रॅल्या निघाल्या, फ्लेक्स लागले. त्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

2011 मध्येच बायकांचं आरक्षण पन्नास टक्क्यांवर गेलं. झेडपीची निवडणूक 2017 मध्ये झाली. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि प्रशासक बसला. निम्म्या जागा बायकांच्या हा नियम आजही शाबूत आहे. निवडून जायला सभागृह तेवढं उरलं नाही. दिल्लीत सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभा-विधानसभेसाठी महिला आरक्षणाचा कायदा झाला, त्याचे पेढेही वाटले गेले. पण त्याची अंमलबजावणी आधी जनगणनेला, मग मतदारसंघांच्या फेररचनेला बांधली गेली.

हप्त्याला माझी ना नाही. वसमतच्या मोंढ्यात हळदीची पट्टी अजून पुरुषाच्याच नावाने फाटते, तिथे स्वतःच्या खात्यावरचे 1500 रुपये थोडे नव्हेत. पण झेडपीत महिला व बालकल्याण समिती नावाची एक समिती असायची. अंगणवाडी कुठल्या तांड्याला आधी, शिलाई मशीन कुणाला, सायकल कुणाच्या पोरीला, यावर तिथे बायका टेबल वाजवून भांडायच्या. मार्च 2022 पासून हे सगळं एकटे प्रशासक साहेब ठरवू लागले, आणि भांडायला समोर कुणी उरलं नाही.