नाचणीची भाकरी आणि हाडे

आमच्या कोल्हापुरात दुधाचे कौतुक मोठे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून पेला हाती देतात. तालमीत जाणाऱ्या मुलासाठी घरोघर तांब्याभर दूध राखून ठेवितात. त्याच घरच्या मुलीच्या वाट्याला मात्र पुष्कळदा चहापुरतेच येते. हे आम्हांस रुचत नाही. हाडांत चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, साठा होण्याचे मुख्य वय शाळेतीलच होय. आणि उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका स्त्रियांसच अधिक असतो.

हाड म्हणजे निव्वळ दगड नव्हे. प्रथिनांच्या जाळ्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसून ते घट्ट होते. म्हणून भाकरीसोबत डाळ वा उसळ हवीच. ज्यांस दूध परवडत नाही त्यांनी नाचणीकडे वळावे. चंदगड, आजरा, गगनबावडा येथील डोंगरउतारावरचे हे धान्य गरिबाचे म्हणून हिणविले जाते. परंतु १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात जेमतेम १०. मोड आणून दळल्यास ते अंगी अधिक लागते. ते आतड्यात नीट शोषले जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते अंगावर ऊन पडल्याने त्वचेतच तयार होते. तेव्हा मुलींसही मैदानावर खेळू द्यावे.

दातांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचे वरचे कठीण कवच एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. आमचा प्रसिद्ध गूळ फटीत अडकून राहिला की तोंडातील जंतू त्याचे आम्ल करितात, व त्यात हे कवच विरघळते. भाकरीबरोबर गूळ खुशाल खावा, पण लागलीच चूळ भरावी.