‘विहीर’ कळली का?

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला आपण ‘कसा होता?’ असं विचारतो. उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘विहीर’बद्दल मात्र ‘कळला का?’ असं आधी विचारलं जातं. मार्च २०१० मध्ये हा सिनेमा लागला. अमिताभ बच्चन यांच्या कंपनीची निर्मिती, बर्लिनच्या महोत्सवात दाखवलेला. समीक्षकांनी वाखाणला, पण २००८ साली ‘वळू’ला पोट धरून हसलेला प्रेक्षक इथं चुळबुळत राहिला.

गोष्ट चार ओळींची. समीर आणि नचिकेत नात्यानं भाऊ, त्याहून अधिक जिवलग दोस्त. लग्नाच्या घरी भेटतात. सगळ्यांपासून दूर निघून जावं, असं नचिकेतच्या मनात घोळतंय. आणि एक दिवस तो विहिरीत मेलेला सापडतो. सिनेमा त्याहून जास्त सांगत नाही.

माझ्या एका तरुण मित्रानं सीडी पाहून विचारलं, “चाचा, तुम्ही कवी माणूस, सांगा ना, त्यानं उडी मारली का पाय घसरला?” मी म्हटलं, “बाबा, समीरला तरी कुठं माहीत आहे?”

आमच्या पिंपळगाव रेणुकाईचं नाव लोक मिरचीच्या बाजारासाठी घेतात. पण या भागात कुठंही जा, गावाच्या शिवारात एखादी विहीर अशी असते, की तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. पंचनाम्यात ‘पाय घसरून’ एवढंच लिहिलेलं असतं. आई मात्र वर्षानुवर्षं तीच संध्याकाळ आठवत बसते. जेवताना तो काय बोलला होता? चप्पल काठावर नीट काढून ठेवलेली होती का? ते कोडं तिला कधी सुटत नाही. समीरचंही तसंच आहे. मरणाचा क्षण त्यानं पाहिला नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. उत्तर मुठीत लपवून प्रेक्षकाला खेळवण्याचा हा प्रकार नव्हे.

नचिकेत हे नाव कठोपनिषदातलं, यमाला मृत्यूचं रहस्य विचारणाऱ्या मुलाचं. त्यामुळे चर्चा लगेच तत्त्वज्ञानाकडे वळते. त्यात चूक नाही. पण त्या उंचीवरून काठावरची चप्पल दिसत नाही, हेही खरं.

आणि आपल्याला कोड्याचं वावडं कधीपासून झालं? मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग शेतात राबून आलेला माणूस डोलत ऐकतो. अर्थ लागला नाही म्हणून उठून जात नाही. मुशायऱ्यात तर दोन अर्थांच्या शेराला जास्त दाद मिळते. तिकिटाचे पैसे मोजले की मात्र उत्तराची पावती हवी असते!

पुन्हा पाहायला मिळाला तर नचिकेतकडे नको, घरातल्या मोठ्या माणसांकडे बघा. रडून झालं तरी चूल पेटवावीच लागते. घर हळूहळू रोजच्या कामाला लागतं, आणि समीर एकटाच त्याला शोधायला बाहेर पडतो.