गिनी पिगचा पोटमाळा आणि त्याची चढण

मुलुंडमध्ये दोन खोल्यांच्या घरात प्राणी पाळायचा, तर पहिला प्रश्न जागेचा येतो. कुत्र्याला सोसायटीचा विरोध, मांजराला घरातल्या आजीचा. मग मुलांच्या हट्टापायी न भुंकणाऱ्या, सहसा न चावणाऱ्या गिनी पिगची जोडी घरी येते. कोथिंबिरीची जुडी सोडताना पिशवी वाजली, की ही जोडी शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेते आणि पंधरवड्यात सर्वांची लाडकी होते. दुकानातून आणलेला पिंजरा अपुरा पडतो हेही तेवढ्याच काळात ध्यानात येते. अशा वेळी मुंबईकराला सुचणारा उपाय एकच असतो, तो म्हणजे पोटमाळा. पिंजऱ्यात वर एक फळी टाकायची, तिला शिडी लावायची, की जागा दुप्पट झाली.

हा हिशेब माणसाचा आहे, गिनी पिगचा नव्हे. मुळात हा प्राणी ना डुक्कर, ना गिनीचा. तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला. पर्वतातला असला तरी चढणारा मात्र नाही. त्याचे रानटी भाईबंद उंच गवतातून बोगद्यासारख्या वाटा पाडून जमिनीलगत पळतात. तेथील शेतकरी हा प्राणी खाण्यासाठी हजारो वर्षे पाळत आले आहेत आणि आजही कित्येक घरांत तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा हिंडतो. पुढच्या पायांना चार बोटे, मागच्यांना तीन, पाय आखूड आणि त्यांवर सुमारे किलोभर वजनाचे पिंपासारखे शरीर. मांजराप्रमाणे हवेत वळून पायांवर उतरण्याची कला त्याच्याकडे नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे आजूबाजूचे त्याला पुष्कळ दिसते, पण समोरच्या खोलीचा अंदाज नीट येत नाही. फूटभर उंचीवरून पडूनही त्याचे हाड मोडू शकते.

म्हणून पोटमाळा करण्यापूर्वी तळमजला पुरेसा आहे ना, हे पाहावे. दोन प्राण्यांसाठी सलग साडेसात-आठ चौरस फूट जमीन ही किमान गरज होय. वरची जागा या हिशेबात धरू नये. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पिंजरा असेल, तर एका टोकाला दीड फूट खोलीचा माळा काढता येतो. संपूर्ण पिंजऱ्यावर फळी टाकून मध्ये भोक पाडण्यापेक्षा हा अर्धा माळा केव्हाही बरा. त्यात चढताना डोके आपटत नाही आणि सफाईसाठी हातही आत पोहोचतो.

आता चढणीचे गणित पाहू. माळ्याची उंची एक फुटापेक्षा जास्त नसावी आणि चढण तीस अंशांच्या वर जाऊ नये. तीस अंशांच्या उताराला फळीची लांबी उंचीच्या दुप्पट लागते, म्हणजे एक फूट उंचीसाठी दोन फूट. ही फळी जमिनीवर सुमारे एकवीस इंच जागा व्यापते आणि वर सांगितलेल्या पिंजऱ्यात माळा सोडून उरलेल्या अडीच फुटांत ती सहज बसते. वीस अंशांचा उतार हवा असेल तर फळी जवळजवळ तीन फुटांची होते, आणि मग तिला मध्ये एक चौथरा देऊन काटकोनात वळवावे लागते, आपल्या इमारतींचे जिने वळतात तसे. व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पला बारास एक असा उतार सांगितला जातो. तो नियम येथे लावला, तर बारा फुटांचा रॅम्प लागेल आणि घरातल्या माणसांना गॅलरीत झोपावे लागेल! तेवढी गरज नाही. मात्र काही पिंजऱ्यांबरोबर मिळणारी तारेची उभी शिडी तत्काळ काढून टाकावी. तारांमध्ये बोट अडकून मोडते आणि रोजच्या वावराने तळव्यांना जखमा होतात.

फळीसाठी अर्धा इंच जाडीचे प्लायवूड पुरते. रुंदी दहा इंचांच्या खाली नको, कारण चढणीवर समोरासमोर आलेल्या दोघांपैकी कोणी मागे सरकत नाही. विशेषतः दोन नर असतील, तर दांडगा नर अरुंद वाट अडवून दुसऱ्याला खालीच कोंडतो. दोन्ही बाजूंना चार-पाच इंच उंचीचे, फटी नसलेले कठडे हवेत. कडेची खोली दिसेनाशी झाली, की भित्रा प्राणीही धीट होतो. पाय ठेवताच फळी डगमगली, तर तो पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. म्हणून वरचे टोक बिजागरीने माळ्याला जोडावे, आणि बिजागरीचा खिळा उपसता येणारा असावा, म्हणजे फळी धुण्यासाठी निघते.

पृष्ठभागाला सनमायका लावण्याचा मोह टाळावा, त्यावरून पाय घसरतात. आडव्या पट्ट्या ठोकून वर जाड सुती कापड किंवा लोकरी फ्लीस ताणून बसवावे. लाकूड लघवी शोषून घेते व कुजते, त्यामुळे कापडाखाली प्लास्टिकचा पन्हळी पत्रा घालणे हिताचे. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओल्या कापडावर प्राण्याच्या त्वचेला बुरशी धरते, म्हणून आच्छादनांचे किमान दोन-तीन संच हवेतच. मे महिन्यात पिंजरा गॅलरीत मुळीच ठेवू नये. तिशीच्या आसपासचे तापमानही या प्राण्याला घातक ठरू शकते. माळ्याखालच्या सावलीत एखादी थंड लादी टाकली, तर तो दुपारभर तिच्यावर पसरतो.

रॅम्प बसवला म्हणजे तो लगेच चढेल, ही अपेक्षा चुकीची आहे. आरंभी फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर कोथिंबिरीच्या काड्या टाकाव्यात. तो बिनधास्त चालू लागला की एका टोकाखाली एकेक वही सरकवीत उंची वाढवावी. मागून ढकलू नये. पुष्कळदा तो वर जातो आणि उतरायला घाबरतो. उतरणे त्याला अधिक अवघड वाटते. म्हणून गवत आणि पाणी दोन्ही मजल्यांवर ठेवावे. या प्राण्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. अर्धा-एक दिवस पोटात काही गेले नाही, तरी जीव धोक्यात येतो.

या रॅम्पचा एक उपयोग मात्र सुताराला ठाऊक नसतो. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या शास्त्रज्ञांना गिनी पिगमध्ये माणसासारखा स्कर्व्ही आढळला. माणसाप्रमाणेच त्यालाही ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ढोबळी मिरची, पेरू, कोथिंबीर असे काही रोज मिळाले नाही, तर त्याचे सांधे सुजतात आणि दुखतात. पण दुखणे लपवणे हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा स्वभाव. सपाट जमिनीवर तो चार पावले टाकून वेळ निभावतो. चढणीवर ते जमत नाही. काल धावत वर जाणारा आज पायथ्याशी घुटमळत असेल, तर तो आळस समजू नये. सांधे, तळवे किंवा वाढलेले नख, काहीतरी बिघडलेले असते.

अशा वेळी छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दूरध्वनी करून मगच जावे, कारण कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर गिनी पिग तपासतोच असे नाही. घरातले प्रतिजैविक तर मुळीच देऊ नये. पेनिसिलीनच्या वर्गातील औषध तोंडावाटे गेले, तर त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून तो दगावू शकतो. तोपर्यंत बिजागरीचा खिळा उपसून फळी बाजूला ठेवावी, त्याचे लपायचे घर, गवत आणि पाण्याची बाटली खाली आणावी आणि जोडीदारालाही खालीच ठेवावे.