विजेचा कुकर आणि पाकाचा कर्ता

स्वयंपाकघरांत नवें भांडें येतें तेव्हां तें एकटें येत नाहीं. त्याबरोबर नवी शिस्त येते, आणि जुन्या शिस्तीचें काय करावयाचें हा प्रश्नहि येतो. पाट्यावरवंट्याची जागा मिक्सरनें घेतली, चुलीची जागा गॅसनें घेतली, त्या त्या वेळीं घरोघर हा प्रश्न निघाला व यथाकाल मिटलाहि. हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत विजेचा कुकर, किंवा बाजारांत ज्यास 'मल्टीकुकर' म्हणतात तें यंत्र, येऊन बसलें आहे. त्याचे गुण गाणाऱ्या जाहिराती पुष्कळ आहेत. परंतु आठ-दहा माणसांच्या एकत्र घरांत त्याचा खरा उपयोग काय, तें चालतें कसें, त्यापासून धोका कोणता, आणि त्यामुळें वांचलेला वेळ कोणाच्या पदरांत पडतो, याचा निवांत विचार व्हावा तसा होत नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे.

विषय स्वयंपाकाचा असला तरी आरंभ व्याकरणापासून करण्याची मुभा वाचकांनीं आम्हांस द्यावी; जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तराची ती खोडच आहे. 'पच्' म्हणजे शिजविणें हा धातु वैयाकरणांच्या फार आवडीचा. शिजविण्याची क्रिया नक्की कोणाची, असा प्रश्न पतंजलीच्या महाभाष्यांत निघाला आहे. देवदत्त शिजवितो असें म्हणतात, भांडें शिजवितें असेंहि म्हणतात, आणि लांकडें शिजवितात असेंहि म्हणतां येतें. मग खरा पाक कोणाचा? भाष्यकारांचें विवरण असें: भांडें चुलीवर चढविणें, पाणी ओतणें, तांदूळ वैरणें आणि सरपण सारून जाळ राखणें, हा मुख्य कर्त्याचा, म्हणजे माणसाचा, पाक. ठराविक मापाचें धान्य पोटांत धरून ठेवणें हा भांड्याचा पाक. धान्य मऊ होईपर्यंत जळत राहणें हा लांकडांचा पाक. माणसाच्या वांट्यास आलेल्या या चार कामांपैकीं विजेच्या कुकरानें फक्त चौथें, म्हणजे जाळ राखण्याचें, काम घेतलें आहे. बाकीचीं तीन जशींच्या तशीं आपल्याकडे आहेत. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे या यंत्राविषयींच्या भाबड्या आशा व भाबडी भीति, दोन्ही ओसरतात.

वाफ कोंडून अन्न लवकर शिजविण्याची युक्ति नवी नव्हे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें लंडन येथें १६७९ सालीं असें भांडें केलें. त्यांत हाडेंसुद्धां मऊ होत. दाब वाढून भांडें फुटूं नये म्हणून वजनाची झडपहि त्यानेंच योजिली. १६८२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांस या भांड्यांत शिजविलेलें जेवण मिळाल्याचें जॉन ईव्हलिन यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. आपल्या देशांत १९१० सालीं बंगालचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं 'इकमिक कुकर' काढला. खालीं कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे, असा तो मंद वाफेचा कुकर होता. दाबाचे कुकर आपल्याकडे बनूं लागले ते १९५९ च्या सुमारास, प्रेस्टीज व हॉकिन्स या नांवांनीं. आणि शिट्टी हा पुढें घरोघरच्या सकाळचा भाग होऊन गेला. परंतु या सर्व प्रकारांत जाळ राखणारें माणूस होतेंच. शिट्ट्या मोजून गॅस बारीक करावयाचा, मग बंद करावयाचा, तो त्यानेंच. खरें म्हणजे तिनेंच.

तें काम यंत्राकडे गेलें तें जपानांत. १९५५ च्या डिसेंबरांत तोशिबा कंपनीनें भात शिजविण्याचें विजेचें भांडें विक्रीस आणलें. तें सिद्ध करणारे योशितादा मिनामी हे एका लहान कारखान्याचे चालक. आणि घरीं पुनःपुन्हां भात शिजवून प्रयोग केले ते त्यांच्या पत्नी फुमिको यांनीं. युक्ति साधी होती. भाताच्या पातेल्याबाहेर आणखी एक भांडें, आणि त्यांत पेलाभर पाणी. तें आटेपर्यंत उष्णमान १०० अंशांवर जात नसे; आटल्याबरोबर तें वर चढे, दोन धातूंची जोडपट्टी वांके आणि वीज बंद होई. पुढें चीनमधील योंग-ग्वांग वांग यांनीं १९९१ त विजेच्या दाबकुकराच्या पेटंटसाठीं अर्ज केला. आणि २०१० त कॅनडांतील ओटावा येथून रॉबर्ट वांग या संगणकतज्ज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं काढलेला 'इन्स्टंट पॉट' जगभर गेला. आज बाजारांत अनेक नांवांनीं मिळणारीं यंत्रें याच कुळांतलीं.

आतां हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. समुद्रसपाटीस पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें, पुण्यास सुमारें ९८ अंशांस, तर महाबळेश्वरास ९५-९६ अंशांसच. उघड्या भांड्याखालीं कितीहि जाळ केला तरी पाणी त्याहून अधिक तापत नाहीं. म्हणूनच डोंगरमाथ्यावर डाळ शिजतां शिजत नाहीं. वाफ कोंडली कीं ही मर्यादा वर सरकते. गॅसवरच्या कुकरांत ती १२० अंशांच्या आसपास जाते. विजेच्या कुकरांत बहुधा ११५ ते ११८ अंशांपर्यंत. आंतील पातेलें ज्या तापणाऱ्या तबकडीवर टेकतें, तिची बैठक किंचित् लवचिक असते. दाब पुरेसा झाला कीं ती खालीं दबते व विजेची कळ सुटते. दाब उतरला कीं कळ पुन्हां जुळते. वाफ बाहेर टाकण्याची गरजच न पडल्यामुळें शिट्टी वाजत नाहीं. 'तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटें?' असें पुष्कळ गृहिणी विचारतात. त्यास एकच उत्तर नाहीं. कारण शिट्टी हें काळाचें माप नव्हे. आंच मोठी असेल तर ती लवकर होते, बारीक असेल तर उशिरां.

वेळेबद्दलहि स्पष्ट बोललें पाहिजे. 'दहा मिनिटांत डाळ' असें सांगतात, तीं दहा मिनिटें दाब भरल्यानंतरचीं. दाब भरावयास दहा-पंधरा मिनिटें, आणि वाफ आपोआप जिरावयास तितकींच. म्हणजे घड्याळाच्या हिशेबानें गॅसच्या तुलनेंत फारसा लाभ नाहीं. लाभ आहे तो निराळाच: त्या पाऊण तासांत कोणी ओट्यापाशीं उभें राहावें लागत नाहीं. वांचतें तें लक्ष, आणि वांचतात ते पाय.

मात्र एक जुनी सोय येथें जाते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, संस्कृतांत त्यासच स्थालीपुलाकन्याय हें नांव आहे. एक शीत दाबून पाहावें व सर्व भात जाणावा. झांकण लावून दाब भरलेल्या भांड्यांत शीत पाहतां येत नाहीं. जी परीक्षा शेवटीं होत असे ती आरंभींच, मापाच्या रूपानें, उरकावी लागते. शिवाय बंद भांड्यांतून पाणी आटत नाहीं. जितकें घालावें तितकें आंत राहतें.

हें माप घरांत कोणाजवळ असतें? आमच्या घरीं माणसें नऊ. आणि गेलीं चाळीस-बेचाळीस वर्षें सकाळचा कुकर लावतात त्या आमच्या वहिनी. पाण्याचें त्यांचें माप बोटाचें पेर, डाळीचें माप मूठ. धाकट्या सूनबाईंनीं विजेचा कुकर आणला तेव्हां, "ज्याची शिट्टी ऐकूं येत नाहीं त्याचा भरंवसा काय धरावा?" म्हणून वहिनी आठ दिवस त्याच्याकडे फिरकल्या नाहींत. पुढें असा क्रम ठरला कीं, त्यांनीं आपल्या सवयीनें पाणी घ्यावें, सूनबाईंनीं तें वाटीनें मोजावें व आम्हीं लिहून घ्यावें. पंधरा दिवसांत एक कागद तयार झाला. एका वाटी बासमतीस एक ते सव्वा वाटी पाणी; आंबेमोहोरास व इंद्रायणीस, मऊ हवा असल्यास, पावणेदोन ते दोन वाट्या. अर्धा तास भिजलेल्या वाटीभर तूरडाळीस तीन वाट्या पाणी, दाबाखालीं दहा मिनिटें, आणि वाफ आपोआप जिरूं द्यावी. रात्रभर भिजलेल्या काबुली चण्यांस वीस ते पंचवीस मिनिटें. वरणभात एकदम हवा असेल तर तळाशीं पेलाभर पाणी, त्यांत तिवई, आणि वर डाळीचा व भाताचा डबा.

एके संध्याकाळीं कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें तो कागद समोर ठेवून सर्वांचा वरणभात केला, आणि तो उत्तम झाला. सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. वहिनी मात्र मागाहून आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, माझें सारें कागदावर उतरलें. आतां माझें काय काम राहिलें?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या ज्ञानावर एका बाईचें घरांतलें स्थान उभें असतें, तें ज्ञान चार ओळींत मावलें असें दिसलें, तर तिला काय वाटावें? उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. तें पुढल्या महिन्यांत आपोआप मिळालें. दुकानांतून तांदूळ आला. सूनबाई कागदाप्रमाणें पाणी घालून झांकण लावणार, इतक्यांत वहिनींनीं चार दाणे चिमटींत घेऊन पाहिले व म्हणाल्या, "हा नवा तांदूळ आहे. पाणी कमी कर, नाहीं तर खिमट होईल." त्या दिवशीं कागदावर सूनबाईंच्या अक्षरांत एक ओळ वाढली: 'नवा तांदूळ असल्यास काकूंना विचारावें.'

आतां धोक्यांविषयीं. पातेलें आंत ठेविलें आहे कीं नाहीं हें पाहून मगच पाणी ओतावें. घाईत तें थेट यंत्राच्या पोटांत ओतलें जातें व यंत्र कायमचें बिघडतें. पातेल्याची बाहेरची बाजू कोरडी असावी, खालीं एखादा दाणाहि चिकटलेला नसावा. डाळी व कडधान्यें यांनीं भांडें निम्म्याहून अधिक भरूं नये. फेंस येऊन वाफेची वाट बुजते. इतर पदार्थांस दोनतृतीयांशांची मर्यादा. झांकणाची रिंग रोज काढून धुवावी; तिला वास धरतो, म्हणून खिरीसाठीं निराळी रिंग असावी. झांकणावरील दाबाची खूण खालीं बसल्याशिवाय झांकणाशीं बळजोरी करूं नये. वाफ सोडणें झाल्यास लांब चमच्यानें, तोंड व हात दूर ठेवून सोडावी. मुलांस जवळ येऊं देऊं नये. सहा लिटरचें यंत्र साधारण १००० वॅटचें, म्हणजे सुमारें साडेचार अँपिअर वीज ओढणारें असतें. तें पक्क्या, तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या जागींच लावावें.

सर्वांत महत्त्वाची सूचना राजम्याविषयीं. या यंत्रांत मंद आंचेवर तासन्‌तास शिजविण्याचीहि एक सोय असते. कच्च्या राजम्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. तें उकळीनें नष्ट होतें, परंतु ८० अंशांच्या आसपासच्या मंद आंचेनें त्याचा विषारीपणा उलट वाढूं शकतो. थोडक्या दाण्यांनींहि जोराच्या वांत्या होतात. म्हणून राजमा निदान पांच तास भिजवावा, तें पाणी टाकावें, आणि ताज्या पाण्यांत दाबाखालींच शिजवावा; मंद आंचेवर कच्चा राजमा कधींहि लावूं नये. तसाच उरलेला भात तासन्‌तास बाहेर राहूं देऊं नये. एक तर तो ६० अंशांवर गरम राहावा, नाहीं तर लवकर थंड करून फ्रिजमध्यें ठेवावा.

भाकरी, पोळी, तळण यांस हें यंत्र उपयोगाचें नाहीं. पुरणाची डाळ, उसळी, सांबार, खिचडी यांस उत्तम. आणि थंडीच्या दिवसांत ४० ते ४५ अंशांवर सहा-आठ तासांत दहीं सुरेख लागतें.

शेवटीं वांचलेल्या वेळाविषयीं. ओट्यापाशींचा पाऊण तास मोकळा झाला कीं एकत्र कुटुंबांत एक चमत्कार घडतो: त्या वेळावर सर्वांचा हक्क उत्पन्न होतो. "कुकर तर आपोआप होतो आहे, मग तोंवर थालीपीठें लावा," असें म्हणणारे पुरुष आम्हीं पाहिले आहेत. अशानें यंत्र आलें काय नि न आलें काय, सारखेंच. जो स्वतंत्र तो कर्ता, अशी पाणिनीची व्याख्या आहे. यंत्र स्वतंत्र नाहीं. तें सांगितल्यापुरतें जाळ राखतें. पाकाची कर्ती घरची बाईच. परंतु जिला स्वतःच्या मोकळ्या पाऊण तासावरहि सत्ता नाहीं, तिला स्वतंत्र तरी कसें म्हणावें? म्हणून ज्या घरीं विजेचा कुकर आला असेल, त्या घरच्या पुरुषांनीं व मुलांनीं मापाचा कागद वाचावा, तांदूळ धुवावे, पाणी मोजावें, रिंग धुवावी. हीं कामें कोणासहि येण्याजोगीं आहेत. आणि तो पाऊण तास जिचा आहे तिनें तो वाचनांत, झोंपेंत कीं नुसत्या स्वस्थ बसण्यांत घालवावा, हें तिचें तिनें ठरवावें.